कातण्यातला पैसा कुणाचा?

(कडा, ता. आष्टी, जि. बीड येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आपल्या मेळाव्यांत दारूबंदी, रेशन, रोजगार हमी, मारहाण, सातबाऱ्यावर नाव अशा विषयांवर बोलणं होतं. आज मी स्वयंपाकघरातल्या जुन्या, झिजलेल्या वस्तूंवर बोलणार आहे. काहीजणींना वाटेल, चळवळीत ह्या हौशीच्या गोष्टी कशाला? पण बाईच्या हातात पैसा कधी येतो, किती दिवस टिकतो आणि कोण काढून घेतं, हे ह्या वस्तू फार स्पष्ट सांगतात. गेली बरीच वर्षं बचत गटांच्या कामासाठी गावोगाव फिरताना मी त्या गोळा करत आले. त्यातल्या काही आज बरोबर आणल्या आहेत. भाषण झाल्यावर हातात घेऊन बघा.

हे पहिलं कातणं. कानवल्याची कड कापायला, शंकरपाळे पाडायला वापरतो तेच. कुणी कातण म्हणतं, कुणी फिरकी. बाजारात मिळतं ते पितळेचं किंवा प्लॅस्टिकचं. पण ह्याचं चाक नीट बघा. हा तांब्याचा ढब्बू पैसा आहे. एका बाजूला दोन सिंहांचं ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह आहे आणि खाली पुसट झालेलं १८३५ साल आहे. कुणीतरी ह्या पैशाच्या मध्यभागी भोक पाडलं, कडेला कानशीनं दाते काढले, लोखंडी दांडीच्या टोकाला फाट करून त्यात तो खिळ्यानं बसवला. झालं कातणं.

ही दुसरी वस्तू, विळी. पातं मिटतं त्या ठिकाणी खिळ्याखाली एक चकती दिसते. तो भोकाचा पैसा आहे. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा, १९४३ पासून, सरकारनं मधे मोठं भोक असलेला पैसा काढला. १९४७ पर्यंत तो पाडला जात होता. इथल्या म्हाताऱ्या बायकांना तो आठवतो. आणि तिसरं हे पितळी झाकण. वरची मूठ हलू नये म्हणून आतून तसाच भोकाचा पैसा लावून खिळा ठोकलेला आहे. सरकारनं भोक पाडून दिलं होतं, बाईनं त्याचं वायसर केलं.

आता ढब्बूच का घेतला? तर तो मोठा होता. ढब्बू म्हणजे दोन पैसे, अर्धा आणा. कंपनीच्या अर्ध्या आण्याचं वजन दोनशे ग्रेन, आजच्या हिशोबानं सुमारे १३ ग्रॅम. रुंदी तीन सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे तांब्याची गोल, सपाट, सारख्या जाडीची चकती आयती मिळाली. पत्रा कापून चाक करायचं तर कारागिराला मजुरी पडते. नाण्याला फक्त भोक आणि दाते.

हे काम कुणी केलं? कातण्यावर कारागिराचं नाव नसतं. तांबट, ओतारी, लोहार, गावोगाव पालं टाकून फिरणारे घिसाडी, यांच्यापैकी कुणीतरी केलं असणार. आपण सगळ्यांनी घिसाड्यांचं काम पाहिलेलं आहे. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसतो आणि बायको उभी राहून डोक्यावरून घण घालते. गरोदर असली तरी घालते. तरी आपण म्हणतो काय, तर "घिसाड्यानं विळा करून दिला". घण कुणी घातला हे वाक्यात येत नाही. कातण्याची दांडी ठोकणारे हात बाईचेही असू शकतात, हे आपण तरी लक्षात ठेवू या.

किंमत होती तेव्हा

आता हा पैसा कातण्यात येण्याआधी कुणाचा होता ते बघू.

१९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पलीकडचा नगर जिल्हा, आता त्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, तो इंग्रजांच्या मुलखात होता. कडा तर ह्या दोन मुलखांच्या शिवेजवळ. इकडे चालायचा निजामाचा हाली सिक्का, तिकडे इंग्रजांचा कलदार. नगरच्या बाजारात काही विकायचं, घ्यायचं तर हालीचे कलदार करावे लागत. सर्वसाधारण हिशोब सात हालीला सहा कलदार असा. हा हिशोब हवेतला नव्हता. कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात शेकडा जवळपास ९२ भाग चांदी. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात शेकडा ८२ च्या आसपास. गुणाकार करून पाहा, सात हालींतली चांदी जवळजवळ सहा कलदारांइतकी भरते.

हा बदला करायला कोण जायचं? पुरुष. बाजारपेठ, सराफ, सावकार हा सगळा पुरुषांचा व्यवहार. शेतावर बाई दिवसभर राबायची, पण मजुरी बहुतेक धान्यात मिळायची. रोख दिसायची ती कापूस, तेलबिया विकल्यावर, आणि ती पुरुषाच्या कनवटीला जायची. बाईच्या हाती रोख यायची ती तूप, अंडी, गोवऱ्या विकून. चार पैसे, दोन पैसे. ते ठेवायचे कुठे? उतरंडीत. खालून तिसऱ्या मडक्यात, हळकुंडांच्या खाली. ही बँक आपल्या आज्यांनी चालवली. तिला पासबुक नव्हतं.

नाणं स्वयंपाकघरात दुसऱ्या वाटेनंही यायचं, वजन म्हणून. इंग्रजांनी १८३३ साली तोळ्याचं वजन रुपयाच्या वजनाइतकं ठरवलं, १८० ग्रेन. ऐंशी तोळ्यांचा शेर. म्हणजे रुपया हातात असला की एक तोळ्याचं खात्रीचं वजन हातात असायचं. बाळंतिणीचं औषध, केशर, हिंग, सोनं, सगळं त्यावर तोलता यायचं. तोलून झालं की रुपया परत ज्याचा त्याच्याकडे. बाईला तो वापरायला मिळायचा, खर्चायला नाही.

किंमत गेली तेव्हा

संस्थान गेलं आणि हाली सिक्का पुढच्या काही वर्षांत, १९५० नंतरच्या दशकात, चलनातून गेला. १ एप्रिल १९५७ पासून आणे-पैचा हिशोब जाऊन नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे होते, ते शंभर नवे पैसे झाले. जुनी नाणी हळूहळू बंद झाली.

चलन बंद होतं तेव्हा मुदत असते. मुदतीत नाणी बदलून घ्यायची. पण मुदत कळते कुणाला? चावडीवर बसणाऱ्याला, वर्तमानपत्र वाचणाऱ्याला, खजिन्यात ये-जा असणाऱ्याला. उतरंडीत लपवलेले पैसे मुदतीत बाहेर काढायचे तर ते लपवले होते हे घरात सांगावं लागतं. हे आपल्याला पुस्तकातून शिकायला नको. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा डाळीच्या डब्यातल्या, साडीच्या घडीतल्या नोटा घेऊन किती बायका रडत होत्या! बँकेत भरायच्या तर नवऱ्याला कळणार, न भरल्या तर कागद होणार. कितीतरी जणींनी नाइलाजानं नवऱ्याच्या हातात ठेवल्या. त्या परत आल्या का? हात वर करा म्हटलं तर फार हात वर होणार नाहीत.

नोट रद्द झाली की तिचा कागद होतो. नाणं रद्द झालं तरी तांबं राहतं. एवढाच काय तो आमच्या आज्यांचा फायदा. बाजारात न चालणारा ढब्बू घरात पडून राहिला. पोरांनी खेळायला घेतला, तराजूत पासंगाला घातला, आणि एखाद्या शहाण्या बाईनं तो लोहारापुढे टाकून म्हटलं, "एवढ्याचं मला कातणं करून दे."

चालत्या पैशाला कानस लावणं गरीब घराला परवडणारं नव्हतं. म्हणून मला वाटतं, बहुतेक नाणी झिजल्यावर किंवा बंद पडल्यावरच अशी वस्तूंत आली. ह्याचा अर्थ काय? जोवर त्याला किंमत होती तोवर पैसा पुरुषाचा होता. किंमत गेली तेव्हा तो बाईचा झाला. आणि तिच्याकडे आल्यावर त्याचं काय झालं, तर कामाचं हत्यार झालं. तिच्या नशिबी आलेला पैसासुद्धा तिला बसू देईना, त्याला दांडी लावून ती कानवले कापायला बसली.

हत्यार आणि बाईचे श्रम ह्यांचं नातं बीड जिल्ह्याला नव्यानं सांगायला नको. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून काय म्हणतात? "एक कोयता". दोन माणसं, चार हात, पहाटेपासून रात्रीपर्यंतचं काम, आणि मोजताना एक हत्यार मोजायचं. उचल घेतो नवरा, अंगठा त्याचा, हिशोब त्याच्याशी. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत टाकणारी, आणि कोपीवर येऊन भाकरी थापणारी बाई त्या कोयत्यात कुठेतरी आहे असं धरून चालायचं. कातण्यात पैसा दिसत नाही तशी कोयत्यात बाई दिसत नाही.

किंमत परत आली तेव्हा

तिसरा टप्पा आज चालू आहे, आणि आपल्याला सावध व्हायचं आहे ते इथे.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या भागात घराघरांतून तांब्या-पितळेची भांडी बाहेर गेली. बाया खडी फोडायला गेल्या, नाला बांधायला गेल्या, आणि घरातले हंडे-कळश्या मोडीत गेल्या. मोडीचा भाव म्हणजे निव्वळ धातूचा भाव. घडणावळ धरायची नाही, नक्षी धरायची नाही. पुढे स्टील आलं. जड पितळ द्यायचं आणि चकचकीत हलकं स्टील घ्यायचं असा सौदा दारात होऊ लागला. स्टीलला कल्हई लागत नाही, घासायला सोपं, त्यामुळे बायकांना ते हवंच होतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण दहा शेरांच्या घागरीला किती स्टील मिळायला हवं होतं, हा हिशोब बाईला कुणी शिकवला नव्हता.

ज्या वस्तू मोडीत गेल्या नाहीत त्यांना आता "अँटिक" म्हणतात. शहरात हॉटेलं, फार्महाऊसं अशा वस्तूंनी सजवतात. गावात एखादा माणूस फिरत येतो, गोड बोलतो, "आजी, हे गंजलेलं काय करता, शंभर रुपये घ्या" म्हणतो. आजी खूश होते. विळी जाते, अडकित्ता जातो, कातणं जातं. पुढे ते काचेच्या कपाटात कितीला विकलं गेलं, आजीला कधी कळत नाही. आणि एखाद्या वस्तूला खरोखर चांगला भाव येतो असं घरात कळलं, तर ती विकायला आजी जात नाही. मुलगा जातो, नातू जातो. पैसे त्याच्या खिशात. तीस-चाळीस वर्षं ज्या कातण्याला घरातल्या एकाही पुरुषानं हात लावला नव्हता, ते एका दिवसात "आमच्या घराण्याची वस्तू" होतं.

म्हणजे किंमत होती तेव्हा पैसा त्याचा, किंमत गेली तेव्हा तिचा, किंमत परत आली की पुन्हा त्याचा. आज मला तुमच्यापुढे मांडायचं आहे ते एवढंच.

फसवणुकीचा आणखी एक प्रकार सांगते, कारण तो आपल्या गटांतल्या बायकांपर्यंत पोचलेला आहे. मोबाईलवर जाहिरात येते, "जुनं नाणं द्या, लाखो रुपये मिळवा". फोन केला की समोरचा रिझर्व्ह बँकेचं नाव सांगतो आणि आधी कमिशन, मग कर, मग आणखी काही भरायला लावतो. रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ रोजी पत्रक काढून सांगितलं आहे की बँक असे व्यवहार करत नाही, असं कमिशन मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. तेव्हा नाण्यासाठी पैसे द्यायचे नाहीत. एक रुपयासुद्धा नाही.

पाटीवर कुणाचं नाव

ह्या वस्तू जपाव्यात असं वाटणारी माणसं आपल्याकडे झाली नाहीत असं नाही. पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी साधारण १९२० पासून गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, विळ्या, खवण्या, वज्र्या, दऊती, भांडी गोळा केली. अकाली गेलेल्या राजा ह्या मुलाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि पुढे तो महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. त्यांच्या पत्नी कमलाबाई ह्या कामात त्यांच्या बरोबर होत्या. गुजरातेत अहमदाबादला १९८१ पासून फक्त भांड्यांचं एक संग्रहालय आहे, "विचार" नावाचं. ह्या लोकांनी गोळा केलं नसतं तर ते सगळं भट्टीत गेलं असतं. त्यांचे उपकार मानले पाहिजेत. संधी मिळाली तर गटाची सहल तिथे न्या. स्वयंपाकघरातली अवजारं कपाटात मांडलेली बघून आपल्या बायकांची मान ताठ होते.

पण संग्रहालयात गेलात की वस्तूखालची पाटी वाचा. बहुतेक ठिकाणी वस्तूचं नाव असतं, धातू असतो, गाव किंवा प्रांत असतो, शतक असतं. ती वापरली कुणी, हे नसतं. ज्या हातानं वापरून अडकित्त्याची मूठ झिजली तो हात पाटीवर नाही.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत आपल्या कातण्यासारखंच चाक असतं, गोड किंवा खारट सारण भरलेल्या त्यांच्या पायची कड कापायला आणि मुरडायला. तिथेही जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटचं चाक केलेली अशी कातणी सापडतात. तो मोठा सेंट १७९३ ते १८५७ पर्यंत पाडला जात होता, त्यामुळे त्यावरून वस्तूच्या वयाचा अंदाज बांधता येतो. देवमाशाच्या शिकारीला वर्षानुवर्षं जहाजावर गेलेले खलाशी हाडाची, दाताची कातणी कोरून घरच्या बाईसाठी आणत. आज ती संग्रहालयांत आहेत, त्यांची पुस्तकं आहेत. त्यांत कौतुक होतं ते कोरणाऱ्या खलाशाच्या कलेचं. त्या कातण्यानं जन्मभर पाय कापणाऱ्या बाईचं नाव तिथेही क्वचितच सापडतं. मुलूख वेगळा, धर्म वेगळा, पण चाल तीच.

कायदा काय म्हणतो

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा कातण्यासाठी कायदा कशाला? तर ज्या बायकांना घराबाहेर काढलं जातं त्यांना विचारा. नांदवत नाही म्हणून माहेरी आलेली आमची एक मैत्रीण होती. पोटगीचा दावा चालू होता. ती म्हणाली, "ताई, दागिने त्यांनी विकले, त्याचं मी सोडलं. पण माझ्या आईनं दिलेला हंडा, परात आणि डबा तरी आणून द्या, दुसऱ्याच्या भांड्यात किती दिवस शिजवू?" सासरचे म्हणाले, ह्यातलं तिचं काय आहे ते दाखवा. हंड्यावर नाव होतं, सासऱ्याचं. लग्नात आल्यावर त्यांनी ते घालून घेतलं होतं. तिच्याकडे ना यादी, ना पावती, ना फोटो.

कायदा बाईच्या बाजूनं आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बाईच्या ताब्यातली स्थावर-जंगम मालमत्ता, मग ती भेट मिळालेली असो की स्वतःच्या मेहनतीनं मिळवलेली असो, तिच्या पूर्ण मालकीची असते. स्त्रीधनही त्यात येतं. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्त्रीधन सासरच्या घरात ठेवलं म्हणून ते सासरचं होत नाही. त्यांनी ते परत दिलं नाही तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयानं पुन्हा बजावलं की स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मॅजिस्ट्रेट स्त्रीधन परत करण्याचा हुकूम देऊ शकतात. मुस्लिम भगिनींसाठी १९८६ च्या कायद्यात घटस्फोटानंतर, लग्नाच्या आधी, लग्नात किंवा नंतर मिळालेल्या वस्तू परत मिळण्याचा हक्क आहे.

पण कायदा पुरावा मागतो. हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ साली नियम झाले. हुंडा देणं आणि घेणं हा गुन्हाच आहे. मात्र न मागता दिलेल्या भेटींची लग्नाच्या वेळीच लेखी यादी करायची, वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, कुणी दिली, त्याचं नातं काय, हे लिहायचं आणि त्यावर नवरा-नवरीनं सही करायची, असं नियमच सांगतात. आपल्यापैकी किती लग्नांत अशी यादी होते? मानपानाच्या याद्या होतात, आहेराच्या वह्या होतात. ही यादी तेवढी होत नाही.

आपण काय करायचं

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक गटानं एक वही करावी. तिला संग्रहाची वही म्हणा, स्त्रीधनाची वही म्हणा. वस्तू एका जागी गोळा करायची गरज नाही. ज्या घरात आहे त्या घरातच राहू द्या. नोंद गोळा करायची. पानावर लिहायचं ते असं: वस्तूला तुमच्या घरात काय म्हणतात, ती कुणाची, म्हणजे कुठल्या बाईची, तिचं माहेरचं आणि सासरचं नाव, तिला कुणी दिली किंवा तिनं कशी मिळवली, काय काय केलं तिच्यावर, आणि तिच्या माघारी ती कुणाला द्यायची तिची इच्छा आहे. खाली तिची सही किंवा अंगठा आणि तारीख. मोबाईल घरोघरी आहे, एक फोटो काढून ठेवा, त्यात वस्तू तिच्या हातात असू द्या. कोर्टात ही वही म्हणजे सगळं काही नाही, पण "तुझं काय आहे ते दाखव" ह्या प्रश्नापुढे बाई रिकाम्या हातानं उभी राहणार नाही.

नाण्याच्या वस्तू सापडल्या तर थोडी काळजी घ्या. चिंच, लिंबू, पावडर लावून घासू नका. अक्षरं आणि साल जातं, आणि साल गेलं की पुरावा गेला. नाण्यावरचं साल म्हणजे वस्तूचं साल नव्हे. ती त्या सालाच्या आधीची नाही एवढंच त्यावरून ठरतं, नंतरची कितीही असू शकते. दाते हातानं काढलेले असले तर सारखे नसतात, आणि वापरानं टोकं बोथट झालेली असतात. दाते अगदी एकसारखे, धारदार आणि नाणं मात्र झिजलेलं असं दिसलं, तर कुणी विकण्यासाठी हल्ली केलेली वस्तू आहे का अशी शंका घ्या. डाग दिलेल्या, कल्हई गेलेल्या जुन्या भांड्यात रांधू नका. डागात शिसं असू शकतं, आणि बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत आंबट शिजवलं तर ते बाधतं.

शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. ती परदेशी विकायला बंदी आहे आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. खोदकामात नाणी सापडली तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे, तो कायदा १८७८ पासून आहे. हे माहीत असलं की दारात आलेल्या गोडबोल्याला "परवाना दाखवा" म्हणता येतं.

विकायचीच वेळ आली तर विका. अडचणीत वस्तू विकणं ह्यात लाज नाही, आपल्या आयांनी ७२ साली तेच करून पोरं जगवली. पण गटात चार जणींना दाखवून, दोन ठिकाणी भाव काढून विका, आणि पैसे जिची वस्तू तिच्या खात्यात जाऊ द्या. खातं तिच्या एकटीच्या नावावर असावं, हे मी वेगळं सांगत नाही.

शेतकरी संघटनेच्या लक्ष्मी मुक्ती कार्यक्रमात १९९० च्या सुमारास गावोगाव बायकांच्या नावावर जमिनी झाल्या. तेव्हाही लोक म्हणाले होते की नावात काय आहे, घर तर तिचंच आहे. घर तिचंच असेल तर कागदावर नाव घालायला हरकत कसली? जमिनीला लागू होतं ते हंड्याला, परातीला आणि ह्या ढब्बू पैशाच्या कातण्यालाही लागू होतं.

ह्या दिवाळीत कानवले करायला बसाल तेव्हा घरात सर्वांत जुनं कातणं, विळी, पळी काय आहे ते बाहेर काढा. सासूला विचारा, आजेसासूला विचारा, हे कुणाचं? "घरचं आहे" असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. घरात कुणाचं, हे विचारा. नाव मिळेपर्यंत विचारा, आणि मिळालं की त्याच दिवशी वहीत लिहा. पुढच्या बैठकीला येताना ती वही घेऊन या.